मुर्झाच्या कमरेची किल्ली

डोंगरातल्या लाशरी गावच्या चर्चची वीतभर लोखंडी किल्ली एकतीस वर्षं मुर्झा नवेरियानीच्या कमरेला होती. पाद्री वर्षातून दोनदा यायचा, तोही बर्फ नसेल तर. बाकी दिवस चर्च म्हणजे मुर्झाच. हा मान गावाने दिलेला, आणि तो मिरवायला मुर्झाला आवडायचं. का लपवा?

दोन वर्षांपूर्वी जर्मनीची, स्वित्झर्लंडची आणि राजधानी तिबिलिसीची माणसं एकत्र आली. जुनी चर्चं आणि त्यांच्या भिंतींवरची चित्रं वाचवायची, गावं जोडणारी पायवाट आखायची, मोटारी नकोत, चालत येणाऱ्यांनी गावातच उतरायचं, असा त्यांचा बेत. मुर्झाला अर्धाच कळला. आठशे वर्षं ही चित्रं वाचवली कुणी, असं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण चित्रं दुरुस्त करणारी ऊटे इतकी अदबीने बोलत होती, की राहूनच गेलं.

"काका, काजळीने संतांचे चेहरे काळे पडलेत. आत मेणबत्ती नको. इथे सही करा."

सही? रेघोट्या मारून माणूस बांधला जातो, हे मुर्झाच्या डोक्यात शिरेना. लाशरीत शब्द द्यायचा तो संत जॉर्जच्या प्रतिमेवर हात ठेवून. त्याने प्रतिमा आणवली, हात ठेवला. "किल्ली माझ्याकडे आहे तोवर आत कुणीही मेणबत्ती पेटवणार नाही."

ऊटेने कौतुकाने फोटो काढला. गावकऱ्यांनी मात्र छातीवर क्रूस काढला; प्रतिमेवरची शपथ मोडता येत नाही.

पहिल्या वर्षी पाद्री आला नाही, चर्चचा वार्षिक उत्सव झाला नाही, निभावलं. दुसऱ्या हिवाळ्यात मुर्झाची बायको दारिको गेली. वर्षभरात ज्याच्या घरचं माणूस गेलं, त्याने उत्सवाला आत मेणबत्ती लावायची. नाहीतर ते माणूस तिकडे अंधारात बसून राहतं. मुर्झाने मेण स्वतः वितळवलं, वात स्वतः वळली, आणि उत्सवाच्या दिवशी चर्चच्या दारापाशी येऊन थबकला.

"अहो काका, उत्सवाला सूट आहे!" ऊटे धावत आली. "तो नियम पाहुण्यांसाठी. सातव्या कलमात लिहिलंय."

"मी कलमावर हात ठेवला नव्हता, पोरी."

"मग आता?"

"तेच तर कळत नाही. पाहुण्यांनी पेटवायची नाही, आम्ही पेटवायची. मग मी शपथ घेतली कशाला?"

"कुणी मागितली होती रे तुला?" चुलतभाऊ जोकिया मागून ओरडला. जन्मभर त्याचा डोळा त्या किल्लीवर. "नुसती सही केली असतीस तर मोडता तरी आली असती, गाढवा!"

लोक हसले. मुर्झा हसला नाही. त्याने मेणबत्तीकडे पाहिलं, मग किल्लीकडे. शपथेतले स्वतःचेच शब्द त्याने पुटपुटून पाहिले, 'किल्ली माझ्याकडे आहे तोवर...' एकदा, दोनदा. आणि कमरेची दोरी सोडायला घेतली. गाठ जुनी, सुटता सुटेना. शेवटी दातांनी सोडवली.

"घे, जोकिया."

जोकियाच्या तोंडचं हसू पळालं. "अरे, मी थट्टेने..."

"घे म्हणतो ना. दारिको वाट बघतेय."

जोकियाने किल्ली घातली, फिरवली. कुलूप हलेना. ती किंचित वर उचलून फिरवावी लागते, हे एकट्या मुर्झाला ठाऊक. त्याचा हात आपसूक पुढे गेला. अर्ध्यावरच त्याने तो मागे घेतला आणि मेणबत्ती दोन्ही हातांत धरून इतरांसारखा दार उघडायची वाट पाहत उभा राहिला.