नुसत्या चहावरची सावड

आमच्या शेळगावच्या शिवारात पेरूच्या बागा पुष्कळ, पण आमच्यासारख्यांच्या बागा म्हणजे अर्ध्या एकराचे तुकडे. तोडा झाला की चार-दोन क्रेट मोटारसायकलला बांधून इंदापूरला न्यायचे आणि मिळेल त्या भावाला टाकून यायचे. व्यापाऱ्याचा पिकअप थेट बांधावर यायचा, पण मोठ्या बागायतदारांच्या. आमच्या दारावरून तो धुरळा उडवत गेला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. एकदा मी त्याला रस्त्यातच अडवलं. तो हसून म्हणाला, "वहिनी, गाडी भरंल एवढा माल एका जागी द्या, मी हितं येतो की."

एवढंच ना, म्हटलं, आणि घरोघर फिरले.

सहा-सात घरच्या बाया तयार झाल्या. पुरुषमाणसं बहुतेक बारामतीच्या एमआयडीसीत कामाला, त्यामुळे बागा आमच्याच हातात. सगळ्यांचा माल एका सुमारास निघायचा तर फळांना पिशव्याही एका सुमारास लागायला हव्यात. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला फोमची जाळी चढवायची आणि वरून पिशवी बांधायची. उशीर झाला तर फळमाशी डंख मारते आणि पेरू आतून सडतो. हे काम एकटीनं उरकत नाही, आणि मजूर आधी मोठ्या बागांना पळतात. म्हणून आम्ही सावड घातली. आज सगळ्यांनी एकीच्या बागेत राबायचं, उद्या दुसरीच्या.

सावडीत जिच्या शेतात काम, तिनं जेवू घालायचं ही आमच्याकडची रीत. पहिलीनं भरली वांगी आणि भाकरी केली. झकास बेत होता. तो पाहून दुसरीनं भाजी-भाकरीवर गव्हाची खीर केली. मग तिसरी, म्हणजे आमच्यातली सगळ्यात वडीलधारी काकू, मागं कशी राहील? तिनं पुरणपोळ्या घातल्या, वर तुपाची धार. जेवण झाल्यावर आम्ही सगळ्या बांधावरच्या कडुलिंबाखाली आडव्या झालो, आणि निम्मी बाग तशीच राहिली. ती दुसऱ्या दिवशी पुरी करावी लागली.

पुढची पाळी बावड्याच्या वहिनीची. माहेर बावड्याचं, म्हणून गावात तिला सगळे असंच म्हणतात. नवरा कंपनीत, घरात थकलेले सासरे, आणि बाग बघणारी ती एकटी. ती म्हणाली, "माजं राहू द्या, अजून बारकं हाय." आम्ही पुढच्या घरी गेलो. परत विचारलं, तर परत तेच. माझ्या डोक्यात शंकेचा किडा वळवळायला लागला. हिनं दुसऱ्याच व्यापाऱ्याशी परस्पर बोलून ठेवलं की काय? मग मला दम कुठला! तशीच तिच्या बागेत जाऊन धडकले.

फळं लिंबाच्या केव्हाच पुढं गेली होती. ती एकटीच एका झाडाला पिशव्या बांधत होती. बाकीच्या साऱ्या ओळी उघड्या.

"हे बारकं हाय व्हय?" मी ओरडलेच.

तिनं पुढची पिशवी उचलली. सावलीत बसलेले तिचे सासरे म्हणाले, "तिला नका बोलू, पोरी. पुरनाच्या वर आता काय करावं, ह्या इचारात पडलीय ती."

"तात्या, गप बसा तुमी," ती म्हणाली, आणि मग माझ्याकडं न बघता, "समद्यास्नी तसं जेवू घालायचं मला न्हाय जमायचं. साध्या भाकरीवर बसवलं तर मागनं नाव ठेवतील. माजं मी बघते. माजा माल गाडीत धरू नका."

मी परत फिरले. राग अजून होता, पण आता तो काढायचा कुणावर? तिचा माल नसला तर गाडी भरणार नव्हती, हे खरंच. पण त्याहून मला ती बाई अशी एका पंक्तीपायी बाजूला होणं सोसेना. आणि चारचौघीत 'हिच्याकडं साधंच खाऊ' म्हणायची सोय नव्हती. ती लाजेनं मेली असती.

माझी पाळी शेवटची होती. मी ती पुढं ओढली. "उद्या माझ्याकडं या," म्हणून सांगितलं.

बाया आल्या, न्याहारी बेताची करून. दुपारी मी किटलीभर चहा आणला. नुसता चहा, सोबत बिस्कीटसुद्धा नाही. "जेवण आता घरी गेल्यावर," मी म्हटलं. सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

"गॅस संपला का काय गं?" काकूंनी विचारलं.

"न्हाय. मला सैपाकाचा कंटाळा आला."

मग काय, टोमण्यांचा पाऊस. चिकट काय, कंजूष काय. मला लोकांना खाऊ घालायची भारी हौस, त्यामुळे ते फार लागलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पिशव्या मोजायच्या निमित्तानं लपवलं. काम मात्र उन्हं उतरायच्या आत संपलं.

घरी जाताना बावड्याची वहिनी थांबली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "उद्या माझ्याकडं या. चहा हाय."

माझ्या छातीवरचा धोंडा तिथंच उतरला.

दुसऱ्या दिवशी, आदल्या दिवसाच्या भुकेनं शहाण्या झालेल्या सगळ्या जणी फडक्यात भाकरी बांधून आल्या. काकूंच्या फडक्यात शिळी भाकरी आणि ठेचा निघाला. पहिला घास खाऊन त्या म्हणाल्या, "सुटले बाई! त्या पुरनाच्या दिवशी पाठ अशी धरली हुती, दोन दिवस उठवंना."

"मी तर तूप उसनं आनलं हुतं खिरीला," दुसरी म्हणाली.

"मग आधी बोलायला काय झालं हुतं तुमास्नी?" मी भडकले.

"तू तरी कुठं बोललीस?" काकू म्हणाल्या. "चहा पाजलास."

सगळ्या इतक्या हसल्या की तात्या काय झालं बघायला काठी टेकत आले. बावड्याची वहिनी तर पदरात तोंड खुपसून हसत होती. तिची थोडी फळं माशीनं नेली, बाकीची बाग त्याच दिवशी झाकून झाली.

माल तयार झाला तेव्हा पिकअप आमच्या बांधावर आला. तिचे क्रेट आमच्या क्रेटांत मिसळून गेले, कुठला कुणाचा ते वर लावलेली नावाची चिठ्ठी बघूनच कळायचं.

गावात मला अजून चिकट म्हणतात. मीही आता ऐकून घेते. बावड्याची वहिनी तेवढी कधी म्हणत नाही. पण सावड कुणाच्याही बागेत असो, किटली आली की ती पुढं होते आणि पहिला कप माझ्या हातात देते.