अन्नपूर्णाबाईंचा बंब

बुलढाण्याच्या थंडीवरून बाहेरगावच्या माणसांशी मी वाद घालत नाही. घाटावरचं गाव आहे, पौषात पहाटे बोटं वळत नाहीत, एवढं सांगते आणि गप्प बसते. पण आमच्या शेजारच्या नारायणरावांना जेवढी थंडी वाजायची, तेवढी अख्ख्या गावात कुणाला वाजत नव्हती. ही गोष्ट छत्तीस-सदतीस सालची. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. नागपूरचे हुकूम कचेरीत यायचे, कचेरीत कारकून असलेल्या नारायणरावांचे हुकूम घरात सुटायचे, आणि ते झेलायला एकटी त्यांची बायको, अन्नपूर्णाबाई. मी तेव्हा नवी सून. दोन घरांत भिंत एकच, विहीरही एकच, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं कळायचं.

त्यांच्याकडे सासऱ्यांच्या वेळचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळ्यात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, पेटवायच्या, भोवतीचं पाणी तापलं की तोटी सोडायची. अन्नपूर्णाबाई लग्न होऊन आल्या तेव्हा पाचला पेटवला की सहाला पाणी उकळायचं. वीस वर्षांनी साडेतीनला उठूनही सहाला कोमटच. पऱ्हाट्यांचे भारेच्या भारे जळायचे. नारायणराव घंगाळात बोट बुडवून म्हणायचे, "झोप सुटत नाही तुही. दुसरं काय?" आणि त्या बाईंना ते खरं वाटायचं! आपल्याच हाताला गुण नाही म्हणून त्या रोज थोड्या आणखी लवकर उठायच्या. मला आजही आठवलं की चीड येते.

त्या हिवाळ्यात डोणगावहून निरोप आला. अन्नपूर्णाबाईंची आई अंथरुणाला खिळली होती. मुलगा नाही, लेक ही एकच. तिथली शेजारीण झुंबरबाई तिला पाणी पाजायची आणि निरोप धाडायची: म्हातारी लेकीला एकदा डोळ्यांनी पाहायचं म्हणते. मेहकरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, एका दिवसाची वाट.

"तू गेली तं बंब कोण पेटवीन?" नारायणराव म्हणाले. "थंड पानी अंगावर घेतलं का मले छातीत कफ धरते. मालूम हाये ना तुले?"

भाकरतुकडा मी करीन, बंबही पेटवून देईन, असं मी दारातून सांगितलं. परक्या घरच्या सुनेनं आपल्या न्हाणीत यायचं नाही, असं उत्तर आलं. दुसरा निरोप आला, तिसरा आला. उत्तर तेच राहिलं.

त्याच आठवड्यात कादरभाई कलईवाले भांडी न्यायला आले. अन्नपूर्णाबाईंनी त्यांना बंब दाखवला. त्यांनी झाकण काढून आत हात घातला, बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं, आणि हसले.

"बाई, तुमचं काही चुकत नाही. आपल्या इहिरीचं पानी लय जड. ह्या नळ्यावर बोटभर चुना बसला हाये. आधी थो दगड तापते, मंग पानी."

आमच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, हे ठाऊक होतं. पण ते बंबातही बसतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अन्नपूर्णाबाई ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून रडल्या. वीस वर्षांच्या झोपेचं रडणं होतं ते.

"खरवडू का मंग?" त्यांनी विचारलं.

"नोका, बिलकूल नोका. तांबं झिजलं. भोकं पडली थी चुन्यानंच बुजली हायेत. खरवडलं तं चाळणी होईन. मी खामगावून पत्रा आणतो, महिन्याभरात नवा नळा बसवून देतो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. म्हणून दुसऱ्या दिवशी, नारायणराव कचेरीत गेल्यावर, भिंतीवरून डोकावले तर मला कळेना काय चाललंय. बंबात चिंचेचा कोळ ओतलेला, आणि अन्नपूर्णाबाई सळईनं आतून खरवडत होत्या. पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला होता.

"कादरभाईनं नोका म्हटलं ना?"

"म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि खरवडतच राहिल्या.

बाजूला एक गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. त्यात लुगडं आणि आईसाठी सुंठ. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

संध्याकाळी नारायणरावांसमोर त्यांनी बंबात पाणी ओतलं. पाच ठिकाणांहून धार लागली. पुढे गावभर त्यांच्या अडाणीपणाची टिंगल झाली, ती त्यांनी मुकाट्यानं सोसली.

"आता जाऊ द्या मले डोणगावले," त्या म्हणाल्या. "बंबच नाही, तं पेटवाले कोण पायजे?"

नारायणराव रागावलेसुद्धा नाहीत. "बंब नाही म्हनूनच तं," ते म्हणाले. "आता चुलीवर हंडे तपवा लागतीन. थे कोण करीन?"

गाठोडं खुंटीवर गेलं. पहाटे तीन हंडे चुलीवरून न्हाणीपर्यंत न्यायचे. मनगटं भाजली, त्यावर त्या खोबरेल लावायच्या. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दिवस उगवायला डोणगावच्या झुंबरबाईचे मालक पंजाबराव दारात उभे राहिले. आदल्या दिवशी म्हातारी गेली होती. अग्नी देऊन ते रातोरात निघाले होते.

सासू गेल्याची वार्ता कानावर आली की जावयाला आंघोळ येते, आणि ती आंघोळ कुणी गरम पाण्यानं करत नाही. नारायणराव विहिरीवर गेले. दगडावर उकिडवे बसले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी, डोक्यावरून, तीन बादल्या घेतल्या. कुडकुडले, पण घेतल्या. मग उठून कोरडं धोतर मागितलं.

अन्नपूर्णाबाईंनी धोतर पुढे केलं. "छातीत कफ धरला का?" त्यांनी विचारलं.

"सुतकाची आंघोळ हाये थे," ते म्हणाले. "तिनं काय होते?"

दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीपलीकडे चूल पेटल्याचा धूर आला. मी विहिरीवर गेले तर अन्नपूर्णाबाई रहाटाशी उभ्या होत्या.

"तीनच बादल्या घेतल्या त्याहीनं, शालू," त्या मला म्हणाल्या. "आठ दिवसाआंधी घेतल्या असत्या तं माय भेटली असती मले."

मग त्यांनी हंडा भरला, कमरेवर घेतला आणि घरात गेल्या.