रिकामी कणगी

घाटमाथ्यावरच्या एका गावात शाळेच्या जुन्या खोलीत छोटंसं संग्रहालय आहे. भिंतीला नांगर आणि इरली टांगलेली, कोपऱ्यात दोरीपलीकडे छातीएवढी उंच, शेणाने सारवलेली, धान्य साठवायची कणगी. मी गेलो तेव्हा एक म्हातारी दोरीवरून वाकून तिच्यात मूठभर नाचणी टाकत होती. राखणदार शेजारीच उभा होता.

"मावशी, उंदीर लागतात. साहेब मला बोलतात."

"माझ्या सासूची कणगी आहे ती. तुम्हाला दिली, पण रिकामी ठेवायला नाही दिली."

या डोंगरात कणगी तळापर्यंत कधी खरवडत नाहीत. घरात उपास पडले तरी मूठभर धान्य तिच्या तळाशी राहू देतात. कणगीपुढच्या पाटीवर तिची उंची होती, ती कशाची विणली तेही होतं. हे मात्र नव्हतं. वस्तू जपायची तर तिला उपाशी ठेवावं लागतं, हे मला तोवर कधी सुचलं नव्हतं. कुणाचं चुकतंय म्हणावं, तर कुणाचंच नाही. उंदीर खरेच आहेत.

"काढायची तर काढ," म्हातारी जाताना त्याला म्हणाली, "पण मी उतार उतरेपर्यंत थांब."

तो लांब दांड्याचा झाडू घेऊन खिडकीशी उभा राहिला. उतार मोठा होता आणि म्हातारी सावकाश चालत होती. खोली बंद करायची वेळ टळून गेली. शेवटी ती झाडांआड दिसेनाशी झाली. मी त्याच्याकडे पाहिलं.

"अजून पोचली नसेल," तो म्हणाला.