शकूताई आणि मधला शब्द

शकूताई आधी आत यायच्या आणि मग ‘मे आय कमिन’ म्हणायच्या. म्हणजे दार ढकलून, चपला काढून, पंख्याचं बटण दाबून आणि माझ्या खुर्चीत बसून झालं की. “अहो, परवानगी आधी मागायची असते,” असं मी म्हटलं की त्या म्हणत, “आधी मागितली आणि तुम्ही नाही म्हणालात तर? कोपरीहून स्टेशनचा पूल चढून आलेय मी.”

नातवंडांनो, तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. उंचीनं बेताच्या, आवाजानं मोठ्या, गळ्यात कायम मोजमापाची टेप. कोपरीत त्यांचं फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायचं दुकान होतं. समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे त्या नंतर बघत, आधी खांद्याची शिवण बघत. मी पहिल्यांदा त्यांच्या दुकानात गेले तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून त्यांनी विचारलं, “हा ब्लाउज कोणी शिवला? पकडला का त्याला?” मी नौपाड्यातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेली बाई. माझ्याशी असं कोणी बोलत नसे. मी तिथेच कापड टाकलं.

मी इंग्रजीची शिक्षिका होते हे कळल्यावर पुढच्याच आठवड्यात त्या माझा ब्लाउज घेऊन घरी आल्या. ब्लाउज उत्तम झाला होता. पण तो हातात देताना त्यांनी सोडला नाही. एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.

“बाई, मला इंग्रजी शिकवा. सगळं नको. मधलं शिकवा.”

“मधलं म्हणजे?”

मग त्यांनी सगळं सांगितलं. मुलगा नितीन कॅनडात. सून दिव्या केरळची, स्वभावानं गोड. दोघांची घरातली भाषा इंग्रजी. दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. आईशी मराठीत ‘जेवलीस का, औषध घेतलंस का’ झालं की नितीन फोन ओट्यावर टेकवून ठेवायचा आणि नवराबायको आपसांत इंग्रजीत बोलायची. विषय आईच. दिवाळीनंतर तो येणार होता आणि कोपरीतल्या घराचं काहीतरी करणार होता.

“मम्मी कळतं, फ्लॅट कळतं, सेल कळतं. ह्या टोकाचं कळतं, त्या टोकाचं कळतं. मधे बारीकसं काहीतरी बोलतो, तिथे गोम आहे. मम्मी विकू शकते, मम्मीनं विकलं पाहिजे, की मम्मी विकेल बहुतेक? माझं घर त्या बारक्या शब्दात अडकलंय हो.”

इतकी वर्षं मी फळ्यावर कॅन, मे, मस्ट, माइट लिहिलं, पण या शब्दांची गरज मला कोणत्याही विद्यार्थ्यानं इतकी नेमकी सांगितली नव्हती. (जाता जाता सांगते, तुमच्या घरीही फोन असाच कशाला तरी टेकवलेला असतो. मला ऐकूही येतं आणि इंग्रजीही येतं. तुमच्या बाबांना सांगा.)

आमचे धडे सुरू झाले. मी माझ्या शिस्तीप्रमाणे एका दिवशी एकच क्रियापद घ्यायची. कॅनच्या दिवशी मी म्हटलं, “हे तर तुमच्या नावातच आहे. आपण जाऊ शकू, आपण करू शकू.”

“डोंबलाचं नावात. नाव शकुंतला आहे. एवढं लांब ओरडताना सासूला धाप लागायची म्हणून शकू केलं.”

पण कॅन त्यांना आवडलं. मे मात्र अजिबात पटेना. बायका परवानगी मागण्यात आधीच तरबेज असतात, त्यासाठी वेगळा शब्द शिकायची काय गरज, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी सगळी क्रियापदं आपल्या दुकानात नेऊन लावली. “मस्ट म्हणजे मशीनची शिवण, उसवायची तर ब्लेडच पाहिजे. मे म्हणजे कच्चा टाका. आणि माइट म्हणजे नुसती टाचणी. लावून ठेवलीय, शिवतील की नाही देव जाणे.” हे मला शाळेत असताना सुचलं असतं तर निम्मा वर्ग पास झाला असता.

सगळ्यात जास्त घोळ मस्टचा. एके दिवशी बसल्या बसल्या मला म्हणाल्या, “बाई, आय मस्ट टी.”

“आय वाँट टी.”

“का? मला चहा पाहिजे. मला गेलं पाहिजे. दोन्हीकडे पाहिजेच की.”

मी समजावलं की एक आपल्या मनातून येतं आणि दुसरं बाहेरून आपल्यावर येऊन पडतं. मराठीत दोन्हीला ‘पाहिजे’ चालतं, इंग्रजीत चालत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “बरोबरच आहे आपलं. लग्न झाल्यापासून मला काय पाहिजे आणि मी काय केलं पाहिजे, यात घरात कोणी फरक केला नाही. भाषेनं तरी कशाला करावा? करा चहा.”

शिकलेलं लगेच वापरून बघायची त्यांना घाई. भाजीवालीसमोर टोमॅटो दाबून झाल्यावर ‘मे आय टच’ म्हणायच्या. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला ‘यू मस्ट कोपरी’ म्हणाल्या तर तो म्हणाला, “आंटी, इंग्लिशमध्ये बोललात तरी तिकडून रिकामंच यावं लागतं ना मला.” त्यांच्या डॉक्टरांनी तपासून झाल्यावर ‘यू मे गो’ म्हटलं, तर ह्या बसूनच. “मे म्हणालात, मस्ट नाही. म्हणजे माझ्या मर्जीवर आहे. जरा गुडघ्याचंही बघून घ्या.” बाहेर ताटकळलेल्या पेशंटांनी त्यांचा उद्धार केला असणार. पण गुडघा तपासून झाला.

आणि मग एका सोमवारी सकाळी त्या आल्या त्या ‘मे आय कमिन’ न म्हणता. टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटली.

“शी मस्ट बी लोनली, म्हणतो! माझा मुलगा! मी एकटं पडलंच पाहिजे? आणि हे तो बायकोला सांगतोय, फोनवर माझं तोंड दिसत असताना!”

मला हसू आलं, ते मी दाबलं. “शकूताई, तसं नाही हो. मस्टचा आणखी एक अर्थ असतो. तो मी अजून घेतला नव्हता.”

“का नाही घेतला? आता माझं घर विकून झाल्यावर घेणार?”

“ऐका तर. दिवा दिसला की आपण म्हणतो, घरात कोणीतरी असलं पाहिजे. हा काही हुकूम नाही. अंदाज आहे. तो म्हणाला, आईला एकटं वाटत असेल.”

“असेल?”

“असेल.”

मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्या उलट जास्तच खचल्या. “हुकूम असता तर बरं होतं. हुकमाशी भांडता येतं. अंदाजाशी काय भांडू? आणि अंदाज कशाला करतो मेला, आई समोर दिसतेय तर विचार ना तिला.”

“वाटतं का तुम्हाला एकटं?” मी विचारलं.

“तुम्ही तुमचं ग्रामर बघा,” असं म्हणून त्यांनी टेप पुन्हा गळ्यात घातली आणि गेल्या. चहा तसाच राहिला.

पुढच्या रविवारी त्यांनी मला कोपरीला बोलावून घेतलं. मला फोनच्या मागे, स्टुलावर बसवलं. म्हणजे मला ऐकू येईल आणि मी दिसणार नाही. शाळेत असताना परीक्षेला असं बसवणाऱ्याला मी बाहेर काढलं असतं. कॉल आला. जेवण झालं, औषध झालं. फोन ओट्यावर गेला.

दिव्या म्हणाली, “वुई कान्ट फोर्स हर, नितीन.”

नितीन म्हणाला, “शी कान्ट मॅनेज अलोन. शी मस्ट सेल अँड कम.”

शकूताईंनी माझ्याकडे बघितलं. मी बोटानं टेबलावर शिवणयंत्राच्या सुईसारखं टकटक करून दाखवलं. हा पक्का मस्ट, अंदाजाचा नाही.

“नितीन!” त्या अशा ओरडल्या की कॅनडातल्या ओट्यावरचा फोन खाली पडला असता. “नो मस्ट! आय कॅन! गॅस कॅन, बँक कॅन, जिना कॅन! यू आस्क मी. फर्स्ट आस्क!”

पलीकडे कोणीतरी फोन उचलला. नितीनचा चेहरा फोनभर झाला. “आई? तुला इंग्रजी कधीपासून कळायला लागलं?”

“ते नंतर. आधी विचार. मे आय म्हण.”

दिव्यानं त्याच्या हातातून फोन घेतला. ती हसत होती, पण डोळे पुसतही होती. “अम्मा,” ती हळू, सुटं सुटं म्हणाली, “मे वुई टेक यू होम विथ अस?”

शकूताईंनी गळ्यातली टेप सारखी केली. मी मागे बसून मनात म्हणत होते, नो म्हणा, नो थँक यू म्हणा. मी नो थँक यू चांगलं घोटून घेतलं होतं.

“सांगते,” त्या म्हणाल्या आणि फोन बंद केला.

पूल उतरून त्या मला सोडायला नौपाड्यापर्यंत आल्या, पण त्या विषयावर एक शब्द बोलल्या नाहीत. चार लोकांच्या ब्लाउजना मात्र वाटेत नावं ठेवली. दोन दिवसांनी येऊन सरळ सांगितलं, “मी जाणार.”

मी चिडले. खरंच चिडले. “अहो, एवढं शिकलात, एवढ्या भांडलात, ते जाण्यासाठीच?”

“भांडण जाण्याशी कुठे होतं? न विचारता नेण्याशी होतं. कापडाला कोणी विचारतं का, बाई गं, तुझा ब्लाउज करू का म्हणून? घ्यायची कात्री आणि बेतायचं. तिनं मला विचारलं. मी मशीनवरचं कापड नाही एवढं त्यांना कळलं, बस झालं.” मग टेपचं टोक बोटाला गुंडाळत त्या पुढे म्हणाल्या, “आणि त्या दिवशी तुम्ही विचारलंत ना, एकटं वाटतं का? वाटतं. पण ते मी सांगायचं होतं, त्यानं ठरवायचं नव्हतं.”

घर मात्र त्यांनी विकू दिलं नाही. नितीन दिवाळीनंतर आला तो आईची बॅग भरायला. दलालाचा नंबर त्याच्या खिशातच राहिला. शकूताईंनी शिवणयंत्राला जुन्या धोतराची गवसणी शिवून घातली, कुलूप लावलं आणि गाडीत बसताना नितीनला म्हणाल्या, “पुढे बसू का रे? नाहीतर राहू दे, बसतेच.”

आता त्या तिकडून फोन करतात. दिव्याच्या मैत्रिणींचे ब्लाउज शिवायला लागल्या आहेत. तिथल्या लोकांबद्दल त्यांची एकच तक्रार आहे. “काहीही विचारा, मे बी म्हणतात. कोणालाच काही पक्कं माहीत नाही. सगळा देश टाचण्यांवर उभाय.”

कोपरीतून जाताना त्यांच्या दुकानाच्या बंद शटरकडे माझी नजर जाते. त्यांच्यासारखं मला आतून कोणी हाक मारत नाही आणि माझ्या खांद्याची शिवणही कोणी बघत नाही. परवा फोनवर मी शेवटी विचारलंच, “शकूताई, परत कधी येणार?”

मग त्या सावकाश, एकेक शब्द नीट ठेवत म्हणाल्या, “आय मे कम, बाई. आय माइट नॉट.”

दोन्ही वाक्यं अगदी बरोबर होती. एवढं चांगलं शिकवायला नको होतं.