तिसरं धुणं

थोरलीला विचाराल तर ती सांगेल, धाकट्या जावेला या नोकरीला चिकटवली ती घटकाच वाईट होती. आपल्या हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, दुसरं काय!

काम म्हणाल तर असं. गेलेल्या माणसाचं हृदय घरची मंडळी दान करतात, ते बर्फाच्या डब्यातून इस्पितळातल्या या झडपांच्या बँकेत येतं. त्यातली झडप अलगद कापून काढायची, दिवसभर अँटिबायोटिकच्या पाण्यात ठेवायची, मग धुवायची, तिचा इवलासा तुकडा तपासणीला पाठवायचा आणि झडप गोठवून ठेवायची. पुढे ती कुणाला तरी बसवतात. थोरलीने एकोणीस वर्षं हे केलं. कुणी वाहवा केली नाही, तिनेही कधी मागितली नाही. मग धाकटी आली, आणि तीन वर्षांत लहान मुलांच्या नाजूक झडपा बँकेच्या मुख्य डॉक्टरीणबाई तिच्याकडेच द्यायला लागल्या. "काय हात आहे पोरीचा!" म्हणे. घरी सासूबाईंचंही तेच. धाकटीने साधी भाजी चिरली तरी कौतुक, थोरलीने सगळं घर ओढलं तरी त्यात काय विशेष.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लपवायचं कशाला? ती जळत होती.

त्या मंगळवारी एक अगदी लहान झडप पाण्यातून बाहेर काढायची होती. वरच्या मजल्यावर सात महिन्यांचं एक बाळ नेमक्या त्याच मापासाठी खोळंबलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. काम धाकटीचं, शेजारी उभं राहून प्रत्येक पायरी बघायचं काम थोरलीचं. एकीने करायचं, दुसरीने बघायचं, असा तिथला नियमच.

तुकडा कापण्याआधी झडप तीनदा धुवायची असते. औषध तुकड्याला चिकटून राहिलं, तर तपासणीच्या बशीतही ते जंतूंना वाढू देत नाही, आणि घाण असली तरी अहवाल स्वच्छ येतो. धाकटीने झडप बाटलीतून काढताना नुसती बुचकळली, तेच पहिलं धुणं धरलं. मग दोनदा धुतली आणि कात्री उचलली.

थोरलीने बघितलं. "अगं, एक राहिलं," एवढंच म्हणायचं होतं. पुन्हा धुऊन दुसरा तुकडा घेतला असता, दोन मिनिटांचं काम. पण मनात आलं, होऊ दे. बघू दे सगळ्यांना, कुठला हात आणि कसला हात! त्या बाळाला काय, मिळेल दुसरी.

धाकटीने झडप पिशवीत घालून सील केली आणि गोठवायला लावली. आता ती उघडून पुन्हा धुता येणार नव्हती. मग थोरलीने डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सांगितलं, एक धुणं राहिलं.

"तुम्ही तिथेच होतात ना? तेव्हाच का नाही बोललात?"

"लक्षात यायला उशीर झाला," थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी झडप बाद केली. कुठल्यातरी आईबापांनी रडत रडत सही करून दिलेलं ते लेकराचं हृदय, त्यातली झडप कचऱ्याच्या लाल पिशवीत गेली. लहान झडपा पुढच्या आठवड्यापासून थोरलीकडे, असंही ठरलं. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं.

धाकटी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. डोळे सुजलेले. थोरलीला बघताच तिने तिचा हात धरला.

"ताई, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर घाणेरडी झडप बसवून त्या बाळाला मीच मारलं असतं हो."

थोरलीने हात सोडवून घेतला. आभार मात्र सोसवेनात.

"मी तेव्हाच बघितलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"तू कात्री उचललीस तेव्हा."

हिशेब लागायला धाकटीला वेळ लागला नाही.

"म्हणजे झडप वाचली असती."

"हो."

"लहान झडपांसाठी?"

धाकटीने डोळे पुसले, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी जाऊन थांबली.

"मागायच्या होत्यात, ताई. मी दिल्या असत्या."