अल्फाबेटचा डावा पाय

मला चालायला आईने शिकवलं, पण कवायत बाबांनी. कॉलेजात ते एनसीसीत होते आणि ती त्यांच्या अंगातून कधी गेलीच नाही. नागपूरला आमच्या क्वार्टरसमोर रोज सकाळी त्यांनी ‘सावधान!’ म्हटलं की मी डावा पाय कमरेइतका उचलून धाप्पकन आपटायचा. आवाज कमी आला की पुन्हा. शेजारच्या काकू तक्रार करायच्या की फळीवरचे डबे हलतात. बाबांना ते प्रशस्तिपत्रक वाटायचं.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही न्यू जर्सीत आलो, वेस्ट विंडसरला. ग्रीन कार्डवाल्या मुलांनाही अठराव्या वर्षी पोस्टात जाऊन लष्करासाठी नाव नोंदवावं लागे. सक्तीची भरती बंद होती, नुसती नावं गोळा करत. कोणी खरंच बोलावणार नाही ना, हे बाबांनी चार जणांना विचारून घेतलं आणि मगच मला पोस्टात नेलं. दोन वर्षांनी मी इंजिनिअरिंग सोडलं आणि कोणी न बोलावता भरती झालो.

“लष्करात जायचं तर आपल्या लष्करात जायचं,” बाबा म्हणाले. “आणि हेही तू अर्धवट सोडणार. लिहून ठेव.”

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

ट्रेनिंग कॅम्प साउथ कॅरोलायनात होता. तिथला ड्रिल सार्जंट बुटका, गोल टोपीवाला, आणि त्याच्या घशात लाउडस्पीकर बसवलेला. माझं आडनाव त्याने एकदा वाचायचा प्रयत्न केला, मध्येच सोडून दिलं आणि माझं नाव ‘अल्फाबेट’ ठेवलं. तरी मी निर्धास्त होतो. बाकीची पोरं मक्याच्या शेतातून आलेली, डावं-उजवं चुकणारी. मी तर लहानपणापासून तयार झालेला माणूस!

पहिल्याच ‘अटेन्शन’ला मी पाय आपटला. मैदानभर आवाज घुमला. मला वाटलं, आता शाबासकी.

सार्जंट सावकाश माझ्या नाकापाशी आला. “अल्फाबेट, झुरळ मेलं का?”

अमेरिकन कवायतीत पाय आपटतच नाहीत, हे मला तेव्हा कळलं. टाच टाचेला हळूच लावायची, की झालं. हात खांद्यापर्यंत न्यायचे नाहीत, जेमतेम नऊ इंच हलवायचे. मला ती कवायत वाटेचना; पाहुणे झोपलेले असताना घरात वावरतात तसला तो प्रकार होता. पण सवय जाता जाईना. हुकूम कानात शिरायचा इंग्रजीत, पायात उतरायचा बाबांच्या आवाजात. प्रत्येक धाप्पला वीस जोर. महिन्याभरात माझे दंड फुगले, पाय होता तसाच राहिला.

शेवटी सार्जंटने बजावलं, “कवायतीच्या परीक्षेत पाय वाजला तर रिसायकल.” म्हणजे दुसऱ्या तुकडीबरोबर पुन्हा पहिल्या दिवसापासून. आईने तर ट्रेनिंग संपतानाच्या संचलनासाठी दोघांची तिकिटं काढली होती. बाबा यायला तयार झाले होते, पण आईला ‘बघू, पूर्ण करतो का’ एवढंच म्हणून. मी हादरलो. त्या माणसाचं ‘लिहून ठेव’ मला खरं होऊ द्यायचं नव्हतं.

शेजारच्या खाटेवरच्या टेक्सासच्या पोराला माझी दया आली. रविवारी दुपारी तो मेसमधून उकडलेली अंडी घेऊन आला. माझा पाय जिथे पडायचा तिथे तो एक ठेवायचा आणि ‘अटेन्शन’ ओरडायचा; मी पाय त्यावर नुसता टेकवायचा. पहिल्या रविवारी मी सात अंडी फोडली. पुरावा नको म्हणून आम्ही ती खाल्ली. तिसऱ्या रविवारी एक अंडं अखंड राहिलं आणि आम्ही दोघं खुळ्यासारखे नाचलो. परीक्षेत मी डोळ्यांसमोर फक्त अंडं आणलं आणि पास झालो.

संचलनाच्या दिवशी ‘अटेन्शन’ झालं. शेकडो बूट, पण आवाज नाही. माझाही नाही. आणि त्या शांततेत प्रेक्षकांच्या पत्र्याच्या बाकांवरून दणका आला: धाडकन! कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. समोर बाबा छाती काढून ताठ उभे होते आणि आई त्यांचा कोट ओढत होती.

सार्जंट मान न हलवता पुटपुटला, “अल्फाबेट, तुझे वडील?”

“येस, ड्रिल सार्जंट.”

“वाटलंच मला.”

मला हसूही येत होतं आणि रडूही. दोन्ही करायला परवानगी नव्हती.

संचलन संपल्यावर बाबा समोर आले. कित्येक महिन्यांनी माझ्याशी बोलले.

“तुझा पाय वाजला नाही.”

“इथे वाजवत नाहीत, बाबा.”

त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बरं. मग मी वाजवला तो तुझा धर.”