न अडकलेल्या व्याह्यांना टोचन

मला एक सांगा, समोरचा माणूस तोंडाने सांगतोय की "मला काही झालेलं नाही", आणि तुमचा तीस वर्षांचा अनुभव सांगतोय की याला नक्की काहीतरी झालंय. तर विश्वास कोणावर ठेवाल? घाई करू नका. मी घाईने उत्तर दिलं होतं, त्या उत्तराचा चिखल माझ्या पँटवरून दोन धुण्यांतही निघाला नाही. चहा घ्या, म्हणजे माझी फजिती नीट गळ्याखाली उतरेल.

मुलुंडला माझं दोर, साखळ्या आणि ताडपत्रीचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. शाळा आठवीपर्यंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकांनी शिकवलं. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा घ्यायला कोणी आला की माझं व्याख्यान सुरू. साखळीने ओढू नका, तुटली तर अंगावर येते. बंपरला बांधू नका, हुकालाच बांधा. पट्ट्याच्या मधोमध गोणपाट टाका, म्हणजे पट्टा तुटलाच तर उसळणार नाही. माणसं लांब उभी करा. सरळ रेषेत ओढा. झटका द्यायचा नाही, पहिल्या गिअरमध्ये हळूहळू, झोपलेल्या पोराला कुशीतून खाली ठेवतात तसं.

मंगल, म्हणजे आमची सौभाग्यवती, म्हणते, "अहो, पट्टा घ्यायला आलेला माणूस व्याख्यान घेऊन जातो आणि पट्टा समोरच्या दुकानातून घेतो."

एवढं ज्ञान, पण स्वतःच्या हाताने एकदाही कोणाची गाडी ओढलेली नव्हती. संधी आली ती नेमकी आमच्या ऋतुजाच्या साखरपुड्याच्या सकाळी.

फेब्रुवारी महिना. अकराचा मुहूर्त. सात वाजता भांडुपहून विहीणबाईंचा फोन.

"दिगंबरराव, हे सहालाच गाडी घेऊन मिठागराकडे गेलेत, पक्षी बघायला. फोन घरीच टेबलावर. मुलीची साडी, अंगठी, ओटीचं सामान, सगळं डिकीत आहे हो. समीर हॉलवर गेलाय. तुम्ही जरा बघून याल का?"

समीर म्हणजे होणारा जावई. आणि पक्षी बघायला गेलेले ते मुकुंदराव, माझे होणारे व्याही. नोकरीतून निवृत्त, शांत माणूस. आमच्या घरी कांदेपोहे खाताना दोन तासांत चार वाक्यं बोलले होते, त्यातली दोन "पुरे, पुरे" अशी होती. अशा माणसापुढे आपण काय आहोत हे दाखवायचं कसं, ही माझी महिनाभराची काळजी. दोरवाला म्हणून हिशेबात धरतील की नाही, कोण जाणे.

मी पिकअप काढली. मागे ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या, ओढायचे पट्टे आणि दोरांची भेंडोळी भरलेली होती, ती तशीच. हायवे ओलांडून खाडीकडचा कच्चा रस्ता धरला आणि काय सांगू, मुलुंड मागे राहिलं आणि मी दुसऱ्याच कुठल्या गावात गेलो.

धुकं होतं. पण कसं, दुधावरची साय बोटाने बाजूला करावी आणि ती पुन्हा जुळून यावी, तसं. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे, त्यात आभाळ पडलेलं. बांधावरून गाडी चाललीये की पाण्यावरून, कळेना. मागे हायवेचा आवाज, पण तोही कोणीतरी झोपेत कूस बदलल्यासारखा. इतकी वर्षं इथून दोन किलोमीटरवर दुकान उघडतोय, कधी इकडे आलो नव्हतो.

बांध संपतो तिथे उतार आहे आणि खाली खाडीला लागून एक मोकळी जागा. तिथे मुकुंदरावांची छोटी पांढरी गाडी उभी. चाकांभोवती काळा चकचकीत चिखल. काच खाली, आत मुकुंदराव पुतळ्यासारखे बसलेले.

झालं. माझ्या अनुभवाने निकाल दिला: रुतले.

मी उतरून हात हलवला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं. मी समजलो. बिचाऱ्यांना लाज वाटतेय, आरडाओरडा नकोय. जवळ जाऊन कानाशी म्हटलं, "मुकुंदराव, काही काळजी करू नका. मी आलोय."

"अरे वा, या," ते कुजबुजले. "मी आपला पक्षी बघतोय. काही अडचण नाही."

आता तुम्हीच सांगा, रुतलेला माणूस आजवर कधी म्हणालाय का, की मी रुतलो? माझ्या दुकानात येणारा प्रत्येक जण पट्टा "मित्रासाठी" घेऊन जातो.

"असू दे, असू दे," मी म्हटलं. "होतं कोणालाही."

"नाही, म्हणजे, निघायचं असेल तर मी रिव्हर्स घेऊन येतो की वर."

"रिव्हर्स?" मी त्यांचा हातच धरला. "मुकुंदराव, रिव्हर्स अजिबात नको. चाक फिरलं की खड्डा, खड्डा झाला की संपलं. अकराचा मुहूर्त आहे आपला."

"तसं खाली टणक आहे, दिगंबरराव."

"वरून तसंच वाटतं."

 यावर ते हळूच हसले आणि म्हणाले, "बरं. हँडब्रेक काढू का मग?"

"काढा, काढा," मी म्हटलं.

चिखलात रुतलेला माणूस हँडब्रेक कशाला लावेल, हा प्रश्न तुम्हाला पडला ना? मला पडला नाही. मी आयुष्यातल्या पहिल्या टोचनच्या तयारीला लागलो होतो.

सगळं शास्त्राप्रमाणे केलं. गाडीच्या मागचा हूक शोधला. पट्टा अडकवला, पीळ तपासला, मधोमध गोणपाट टाकलं. लांब उभी करायला माणसं नव्हती, म्हणून दोन बगळे हाकलले. आता सरळ रेषेत ओढायचं, तर पिकअप उताराच्या तोंडाशी जरा बाजूला घ्यायला हवी होती. तिथली जमीन वरून भाकरीसारखी कोरडी, तडकलेली. घेतली.

पहिला गिअर. हळूहळू. पट्टा ताणला गेला आणि मुकुंदरावांची गाडी अशी आली, अशी आली की लोण्यातून केस काढावा. माझी छाती फुगली. आरशात ते दिसत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहरा धाकट्या भावाच्या वरातीत बसल्यासारखा गंभीर. मनात म्हटलं, दिगंबर, तुझं व्याख्यान खरं होतं रे.

उतरून पट्टा सोडला. "कसं काय?"

"उत्तम," मुकुंदराव म्हणाले. "पण तुमच्या गाडीचं मागचं चाक..."

"माझ्या गाडीला काय धाड भरलीय," असं म्हणत मी आत बसलो आणि गिअर टाकला. पिकअप पुढे जायच्या ऐवजी खाली गेली. भाकरी फुटली, आत नुसतं पिठलं. आणि मग, गिऱ्हाइकांना जे जे करू नका म्हणून सांगतो, ते ते मी ओळीने केलं. जोरात रेस दिली. मागेपुढे झटके दिले. चाक गरागरा फिरवलं. शेवटी दार उघडलं तर पायरी आणि जमीन एका पातळीवर.

त्या आवाजाने पलीकडचं धुकं हललं. हललं म्हणजे खरंच उठलं. मी ज्याला धुक्यातला लालसर उजेड समजत होतो, ते सगळे फ्लेमिंगो होते. हजारभर तरी असतील. एकदम पंख उघडून आमच्या डोक्यावरून गेले, आणि खालच्या पाण्यातूनही तेवढेच गेले. मी गुडघाभर चिखलात, तोंड वर. दोन मिनिटं मला साखरपुडा आठवला नाही, पिकअप आठवली नाही, मी दोरवाला आहे हेही आठवलं नाही.

मग आठवलं. झटके खाऊन पिकअप सरकली होती आणि बरोबर उताराच्या तोंडावर आडवी रुतली होती. वर जायची वाट तेवढी एकच. म्हणजे नवऱ्याचा बाप, मुलीची साडी आणि अंगठी यांना मीच खाडीत कोंडून ठेवलं होतं. पावणेनऊ झाले होते.

माझ्या फोनवरून समीरला कळवलं. "काका, हॉलवर डेकोरेशनवाल्याची पिकअप आहे, सामान उतरलं की घेऊन येतो," तो म्हणाला. हसला की नाही ते कळलं नाही, चांगल्या घरचा मुलगा आहे.

वाट बघण्याशिवाय काम नव्हतं. मुकुंदरावांनी थर्मास काढला. आम्ही दोघे बांधावर बसलो. महिनाभरात मी असा बसलोच नव्हतो. हॉल, केटरर, पत्रिका, कोणाची मावशी रुसली, कोणाचा काका. मीठ उन्हात लुकलुकायला लागलं होतं. फ्लेमिंगो एकेक करून परत उतरत होते, आणि मला उगाचच ऋतुजा शाळेच्या पहिल्या दिवशी माझं बोट सोडून गेली ती सकाळ आठवत होती.

"मुकुंदराव, एक विचारू? एवढ्या खाली गाडी घातलीत कशाला?"

"माणूस दिसला की ते उडतात. गाडीला घाबरत नाहीत. दर शनिवारी तिथेच लावतो."

"आणि रुतत नाही?"

"नाही हो. मिठागरवाल्यांनी खाली खडी टाकलीय. चिखल वरवरचा, बोटभर."

चहा माझ्या हातातच राहिला. "मग मघाशी बोलला का नाहीत?"

"बोललो की," ते म्हणाले. "तीनदा."

मी मनात मोजलं. तीनदाच.

"चौथ्यांदा का नाही बोललात मग?"

मुकुंदरावांनी थर्मासचं झाकण लावलं. "तुम्ही इतक्या मायेने पट्टा बांधत होतात. तुमची मुलगी आजपासून आमची. पहिल्याच दिवशी तिच्या वडिलांना नको कसं म्हणायचं? म्हटलं, घेऊ ओढून."

त्या माणसाने चार वाक्यं सलग बोलायची ती पहिली वेळ.

दहाला समीर आला. डेकोरेशनवाल्याची पिकअप, तिच्या टपावर झेंडूच्या माळा तशाच. समीर खादीच्या नव्या कुर्त्यात. आणि मग मुकुंदरावांनी माझं सगळं व्याख्यान मला करून दाखवलं. आधी ताडपत्र्या उतरवून वजन कमी केलं. चाकांसमोरचा चिखल उपसून दोन ताडपत्र्या अंथरल्या. डेकोरेशनवाल्याची पिकअप वर कडक बांधावर उभी करवली. हुकालाच पट्टा, मधोमध गोणपाट, समीरला लांब उभं केलं. ते स्वतः त्या पिकअपमध्ये बसले, मी माझ्या पिकअपमध्ये स्टिअरिंग सरळ धरून बसलो.

"काका," समीरने लांबूनच विचारलं, "हँडब्रेक काढलात ना?"

नव्हता काढला.

काढला, आणि झेंडूच्या माळांनी मला हळूहळू खाडीतून वर आणलं.

अकराला सात मिनिटं कमी असताना आम्ही हॉलवर. साडी कोरडी, अंगठी जागेवर, मी मात्र गुडघ्यापर्यंत काळा. कपडे बदलायला वेळ नाही. गुरुजींनी माझ्या पायांकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून मंत्र सुरू केले. ऋतुजाने साडी घेतली, अंगठ्या झाल्या, मंगलने माझ्याकडे न बघता पेढे वाटले. सगळं वेळेवर झालं.

मग ऋतुजाने विचारलंच, सगळ्यांसमोर. "बाबा, अडकलं कोण होतं?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मुकुंदराव उठून म्हणाले, "मी. दिगंबरराव वेळेवर आले म्हणून आज आपण सगळे इथे आहोत."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मी, तीस वर्षं एका पैचं खोटं बिल न फाडलेला माणूस, हात जोडून त्या टाळ्या घेतल्या.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. हा किस्सा पुढे कुठे सांगाल, तर सांगा खुशाल, पण हिशेब चोख ठेवा. ओढलेल्या गाड्या दोन. अडकलेली गाडी एक. आणि ती एक कोणाची, ते व्याह्यांना विचारू नका, ते खोटं सांगतील.